बेलवली उद्यानाचा हजेरीपट

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ११.

शुगर उपाशीपोटी २३८. डॉक्टर म्हणाले, रोज पंचेचाळीस मिनिटं चाला, नाहीतर गोळी वाढवतो. मी गोळीला घाबरत नाही. पण डॉक्टरांचा मान राखायचा म्हणून ठरवलं: उद्यापासून नदीकाठच्या नव्या उद्यानात रोज दहा फेऱ्या. एक फेरी चारशे मीटर. दहा म्हणजे चार किलोमीटर. या हिशोबाने पुढच्या नोव्हेंबरात मी दिल्लीला पोचलेला असेन.

रिटायर होऊन पाच महिने झाले. अंबरनाथच्या कंपनीत चौतीस वर्षं टाइम ऑफिसला होतो. अडीच हजार माणसांची हजेरी माझ्या हातून गेली. असा माणूस घरात बसून वाटाणे सोलतो, हे देशाचं नुकसान आहे.

अस्मिता (पत्नी) दसऱ्यापासून तिथे फिरायला जाते. म्हणाली, चला की माझ्याबरोबर. तिला सांगितलं, मी माझा प्लॅन करून येईन. ही डायरी खास त्यासाठी. रोज शेवटी फेऱ्यांची नोंद करायची म्हणजे करायची.

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ८.

५.४० ला गेटवर हजर. बोर्डावर वेळ ५.३०. गेटला कुलूप. बाहेर अकरा माणसं उभी, त्यात अस्मिता आणि महिपती. महिपती आमच्याच कंपनीत फिटर होता, आता हेंद्रेपाड्याला राहतो. रोज हेच चालतं म्हणाला. वॉचमन गोमा ६.३५ ला आला. बारवी धरणाकडच्या पाड्यावरून येतो, पहिली गाडीच सहाला मिळते म्हणे. मी म्हटलं, गाडी उशिरा येते हा गाडीचा प्रश्न आहे. त्याला वेळेचं महत्त्व या विषयावर दोन शब्द सांगितले. ते संपेपर्यंत सव्वासात झाले.

फेऱ्या: ०. (कारण प्रशासकीय.)

५ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी.

उद्यानाचे सुपरवायझर उन्मेष यांना ऑफिसात भेटलो. तरुण मुलगा, पण माणूस ओळखतो. गेटची किल्ली माझ्याकडे द्या, मी वेळेवर उघडीन, असा अर्ज केला. अर्ज पूर्ण वाचायच्या आत त्याने ड्रॉवरमधून किल्ली काढून दिली. एवढा विश्वास कंपनीनेसुद्धा कधी दाखवला नव्हता.

त्याने हेही सांगितलं की सकाळी किती लोक येतात याचा आकडा वर पाठवायचा असतो. सध्या तो गोमा देतो. गोमाला लिहिता येत नाही, म्हणून तो माणसामागे एक चिंचोका दूध पावडरच्या डब्यात टाकतो आणि दिवसाचे चिंचोके पुरचुंडीत बांधून ठेवतो. मी मोठ्याने हसलो. म्हटलं, साहेब, आता तुम्हाला रीतसर रजिस्टर मिळेल. मोबाइलमधून मान न काढता म्हणाला, फारच छान काका. जाताजाता कळलं की सव्वीस जानेवारीला उद्यान समिती नेमणार आहेत. अध्यक्ष स्थानिक नागरिकांतून. मी विषय वाढवला नाही. समजणाऱ्याला समजलं असेल.

फेऱ्या: ०. (ऑफिसला चालतच जाणार होतो, पण रिक्षा समोर येऊन उभी राहिली.)

८ नोव्हेंबर, शनिवार.

उल्हासनगरला खरेदी. रजिस्टर एक, लाल पेन दोन, शिट्टी एक, चालण्याचे बूट. दुकानदार म्हणाला, साईं, ले जाओ, ये जूता पहन के आदमी नहीं चलता, जूता आदमी को चलाता है. घेतले. बुटावर कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त आहे. जास्तच आहे, कमी तर नाही ना.

सोमवारपासून नवं पर्व.

१० नोव्हेंबर, सोमवार.

अलार्म ४.४५. अलार्म वेळेवर वाजला, त्याबद्दल तक्रार नाही. गेट ६.२० ला उघडलं. बाहेर तेवीस माणसं. मला पाहून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

टेबल घरून आणलं होतं. गेटात मांडलं आणि हजेरीपट सुरू केला. रकाने: नाव, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, फेऱ्या, सही, शेरा. हजर व्हायची वेळ ५.३०, दहा मिनिटं सवलत, त्यानंतर लेट. आज गेट ६.२० ला उघडल्यामुळे तेवीसच्या तेवीस लेट. एक बाई म्हणाल्या, अहो, आम्ही तर पाचपासून उभ्या आहोत. त्यांना समजावलं की बाहेर उभं राहणं ही हजेरी नव्हे. गेटाच्या आत पाऊल पडतं ती हजेरी. कंपनीत हा नियम अडीच हजार माणसांनी पाळला.

फेऱ्या: ०. (टेबल सोडता येत नाही.)

१३ नोव्हेंबर, गुरुवार.

गेट ६.०५. प्रगती आहे. हजर १९, लेट १९.

महिपतीला आज तिसरा लेट. तीन लेट म्हणजे एक गैरहजेरी. तशी नोंद केली आणि त्याला दाखवली. खूप हसला. भगवंता, आता तरी सोड की रे, म्हणाला. गंमत समजला असावा. कंपनीत मी त्याला वीस वर्षांत सहाशे अकरा लेट मार्क दिले आणि रोज दुपारी त्याच्याच डब्यातलं सुकट खाल्लं. मैत्री मैत्रीच्या जागी, मस्टर मस्टरच्या जागी. हे त्याच्याइतकं कोणाला कळत नाही, म्हणून तर मी अध्यक्ष झालो की उपाध्यक्ष त्यालाच करणार आहे.

फेऱ्या: ०. (शेरे भरायचे होते.)

१९ नोव्हेंबर, बुधवार.

हजर १०. थंडी वाढली आहे.

गोमा आता दुधाच्या टेम्पोतून सव्वापाचलाच येतो. त्याने आज किल्ली परत मागितली. काका, तुमी निजा, मी उघडतंय, म्हणाला. गोड बोलून अधिकार काढून घ्यायची ही जुनी पद्धत आहे. मी नाही म्हटलं. त्याला मागच्या बाजूला पंपाजवळ बसायला सांगितलं, झाडांना पाणी घाल म्हटलं. म्हणाला, बरा हाय, लोका पन आता तिकडूनच... पण मी त्याला मध्येच थांबवलं. कामाच्या वेळी गप्पा मला चालत नाहीत.

फेऱ्या: ०. (बूट अजून सैल करायचे आहेत. घरात घालून टीव्ही पाहिला.)

२५ नोव्हेंबर, मंगळवार.

हजर ४. तापाची साथ असावी.

एक विचित्र गोष्ट. गेटावर मी एकटा असताना आतून हसण्याचे आवाज येत होते. पन्नास-साठ माणसं एकदम हसावीत तसे. धुकं दाट होतं. नदीवरून आवाज लांबचे येतात. पलीकडच्या काठावर काहीतरी कार्यक्रम असावा. शिट्टी वाजवली तर आवाज बंद झाले, म्हणजे शिट्टी चांगल्या प्रतीची आहे.

फेऱ्या: ०. (धुकं.)

३० नोव्हेंबर, रविवार.

महिनाअखेर. रिपोर्ट तयार केला. चार पानं, एक आलेख (लाल शाईत). शेवटच्या आठवड्यात रोज सरासरी दोन माणसं. निष्कर्ष असा लिहिला: "नागरिकांमध्ये शिस्तीचा अभाव असून सकाळच्या वेळेत उद्यानाचा वापर नगण्य आहे." 'नगण्य' हा शब्द मला स्वतःला आवडला. खाली सही: भगवंत भोपी, सेवानिवृत्त टाइमकीपर.

अध्यक्षपदाला आता फक्त औपचारिकता उरली आहे.

फेऱ्या: ०. (रविवार.)

१ डिसेंबर, सोमवार.

रिपोर्ट दिला. उन्मेषसाहेबांनी पहिल्यांदाच मोबाइल खाली ठेवला. दोनदा वाचलं. विचारलं, काका, हे पक्कं ना? मी म्हटलं, चौतीस वर्षांत माझ्या मस्टरला कोणी चॅलेंज केलं नाही. त्यांनी फोटोकॉपी काढून घेतली. मला चहासुद्धा दिला. साखर होती, पण अशा प्रसंगी नाही म्हणता येत नाही.

फेऱ्या: ०. (आनंद.)

६ डिसेंबर, शनिवार.

हजर ०. एक कुत्रा आला, तोही आत न जाता गेला.

अस्मिता रोज ५.१० ला घराबाहेर पडते आणि सातला येते, घामाघूम, गालावर रंग चढलेला. पण गेटवरून ती जाताना दिसत नाही. विचारलं, कुठे जातेस? म्हणाली, फिरायला. एवढंच. संसारात काही प्रश्न पुढे नेऊ नयेत.

१२ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी ९.

आज सगळं समजलं.

गेटवर कोणीच नसल्यामुळे म्हटलं एकदा मागची बाजू तपासू. महिन्याभरात पहिल्यांदाच पंपाच्या खोलीमागे गेलो. तिथे कंपाउंडची भिंत पडली आहे. माणूस सहज जाईल एवढं खिंडार. नुसतं खिंडार नाही. दगड रचून दोन पायऱ्या केल्यात. पाय पुसायला गोणपाट टाकलंय. कोणीतरी झेंडूचं तोरण लावलंय! आणि माझ्या डोळ्यांदेखत माणसं एकामागून एक आत येतायत. नोव्हेंबरात ज्यांना ताप आला असं मी समजलो होतो, ते सगळे ठणठणीत. ट्रॅकवर शंभरएक तरी असतील. मधल्या हिरवळीवर बायकांचा घोळका हात वर करून हसतोय आणि सगळ्यात पुढे अस्मिता. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, ती एवढ्या मोठ्याने हसते हे मला माहीत नव्हतं.

खिंडारात महिपती उभा. म्हाताऱ्यांना हात देऊन आत घेत होता. ही वाट त्यानेच काढली. कंपनीतही कँटीनमागची भिंत तोच चढायचा. मला पाहून दचकला, मग म्हणाला, भगवंता, कंपनी गेली, गेट गेलं, आता तरी भिंतीवरनं येऊ दे. बाजूला दगडावर गोमा बसलेला, मांडीवर डबा. माणूस आत आला की चिंचोका, टक. माणूस आला की टक. मी म्हटलं, मला सांगितलं का नाहीस? म्हणाला, सांगत व्हतो काका, तुमीच बोलू नाय दिलाव.

विश्वासघात. दुसरा शब्द नाही. मित्राने केला, बायकोने केला, गोमाने केला. थंडीत एकटा टेबल मांडून बसलो होतो मी, आणि या सगळ्यांना ते माहीत होतं. एकालाही वाटलं नाही की जाऊन सांगावं, बाबा रे, ऊठ, आम्ही इकडे आहोत. याचं मला जास्त लागलं.

फेऱ्या: ०. (छाती धडधडत होती.)

१३ डिसेंबर, शनिवार.

अस्मिताशी अबोला. तिच्या ग्रुपची पोपटी (मडक्यात भाजलेल्या शेंगांची पार्टी) होती, त्यामुळे तिच्या तो लक्षात आला नाही. येताना डब्यातून वालाच्या शेंगा, बटाटे आणि दोन अंडी घेऊन आली. खाल्ली. निषेध म्हणून मीठ घेतलं नाही.

१५ डिसेंबर, सोमवार.

लेखी तक्रार दिली: भिंतीला खिंडार आहे, ते त्वरित बुजवावे. पोच घेतली. लोकांना गेटावर आणायचं तर हाच मार्ग. त्यांच्या भल्यासाठीच करतोय. एकदा खिंडार बुजलं की महिपती टेबलासमोर येईल, मी त्याला पहिल्या दिवशी लेट मार्क देणार नाही. एवढं मन मोठं ठेवायचं ठरवलं आहे.

फेऱ्या: ०.

२९ डिसेंबर, सोमवार. सकाळी.

गेटवर नोटीस लागली. छापील. गर्दी होती, मी चष्मा लावून पुढे झालो. सगळ्यात आधी माझंच नाव दिसलं. "श्री. भगवंत भोपी, सेवानिवृत्त टाइमकीपर, यांच्या अहवालानुसार." नाव बरोबर छापलं होतं. साधारण एक मिनिट मी फार खुशीत होतो.

मग वरचं वाचलं. सकाळच्या वेळेत उद्यानाचा वापर नगण्य आढळल्याने एक जानेवारीपासून सकाळचं सत्र बंद. उद्यान फक्त संध्याकाळी ५ ते ८. सकाळपाळीच्या वॉचमनची गरज नाही. मागची भिंत दुरुस्त करण्यास मंजुरी.

अस्मिता गर्दीत होती, ती माझ्याकडे बघत होती आणि मी नोटिशीकडे. महिपतीने एवढंच विचारलं, हे तू लिहिलंस? गोमा मागून आला. काय लिवलाय काका, वाचा ना, म्हणाला. वाचून दाखवलं. माझ्या नावापाशी खोकला आला. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. म्हंजे मी उद्यापासून येव नको? म्हणाला. मी म्हटलं, उद्या ये. एक तारखेपासून नको.

मला वाईट वाटलं. आज कंसात लिहायला काही नाही.

फेऱ्या: ०.

३० डिसेंबर, मंगळवार.

उन्मेषसाहेबांकडे गेलो. म्हटलं, हा आकडा फक्त गेटाचा होता, लोक मागून येत होते. म्हणाले, काका, रेकॉर्ड तुमचं, सही तुमची. बरं, मग खरा आकडा किती? माझ्याकडे आकडा नव्हता. चौतीस वर्षांत असं कधीच झालं नाही.

तेवढ्यात अस्मिता, महिपती आणि वीसेक जण आत आले. मधे गोमा. त्याच्या हातात पिशवी, पिशवीत पुरचुंड्या, दिवसागणिक एक. नोव्हेंबर महिना आणि आजपर्यंतचा डिसेंबर. साहेबांच्या टेबलावर ओतल्या. साहेबांनी तीन पुरचुंड्या स्वतः मोजल्या: ११४, १२१, १०९. मीही मोजल्या, मनात. बरोबर होत्या.

साहेब म्हणाले, चिंचोके फाइलला लावता येत नाहीत. रोज येणाऱ्यांची नावं आणि सह्या आणा, आणि आधीचा अहवाल चुकला असं त्या काकांनी लिहून द्यावं. तोपर्यंत नोटीस थांबवतो. सगळ्यांनी एकदम मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी विचार करून सांगतो म्हटलं. का म्हटलं, देव जाणे.

३ जानेवारी, शनिवार.

चार दिवस लागले. लिहून दिलं. 'चूक' हा शब्द मस्टरवाल्याच्या हातून सहजासहजी उमटत नाही. आधी 'पुरवणी अहवाल' असं शीर्षक दिलं, मग 'अंशतः सुधारणा', मग ते पान फाडलं. शेवटी एकच ओळ: "माझा दिनांक ३० नोव्हेंबरचा अहवाल चुकीचा आहे. मी चुकीच्या जागी बसलो होतो." खाली सही केली. 'सेवानिवृत्त टाइमकीपर' लिहायचं राहून गेलं.

कागद द्यायला गेलो तर अस्मिता डायनिंग टेबलवर नावांची यादी करत होती. एकशे सदतीस नावं, सह्यांसकट. दोनदा वाचली. महिपतीचं नाव पाचवं. तळाला गोमाचा अंगठा, त्यालाही नागरिक धरलं होतं. माझं नाव नव्हतं. म्हटलं, राहिलं वाटतं. ती म्हणाली, राहिलं नाही. यादी फिरणाऱ्यांची आहे.

मग माझ्या बुटांकडे पाहिलं. तळव्याला दुकानाचं स्टिकर अजून तसंच होतं.

फेऱ्या: ०. एकूण: ०.

२६ जानेवारी, सोमवार. दुपारी १.

झेंडावंदन झालं. सकाळचं सत्र चालू राहणार. गोमाची पाळी कायम. मागच्या खिंडाराला रीतसर पायऱ्या बांधून तिथेच सकाळचा रस्ता करणार, दार नाही, कुलूप नाही. समिती जाहीर झाली. अध्यक्ष: सौ. अस्मिता भोपी. उपाध्यक्ष: महिपती. मी टाळ्या वाजवल्या. शेजारचे गृहस्थ म्हणाले, घरातच आलं की पद. त्यांना काय सांगणार.

कार्यक्रमानंतर उन्मेषसाहेबांना किल्ली परत द्यायला गेलो. म्हणाले, राहू द्या तुमच्याकडेच, ते गेट आता सकाळी उघडायचं नाही. म्हणजे जे गेट कोणी उघडणार नाही त्याची किल्ली माझ्याकडे आहे. घरी येऊन खिळ्याला लावली.

उद्यापासून त्या उद्यानात पाऊल टाकणार नाही. हा निर्णय पक्का आहे.

२७ जानेवारी, मंगळवार. सकाळी ७.१०.

फेऱ्या: १. आज हे आधी लिहून ठेवतो.

अलार्म लावला नव्हता. अस्मिताने पाचला लाइट लावला आणि मुद्दाम बराच वेळ चालू ठेवला. ती निघाली, मी दहा पावलं मागून. बरोबर गेलो असं कोणी म्हणू नये. खिंडारापाशी महिपती होता. हात पुढे केला. मी तो धरला, दगड ओले होते. गोणपाटावर बूट पुसले. गोमा जागेवर होता, मांडीवर डबा.

मी त्याच्यासमोरून पुढे गेलो. चार पावलांवर मागे आवाज आला, टक. कोण आलं म्हणून वळून पाहिलं. माझ्यामागे कोणीच नव्हतं.

गोमाचं मोजणं चुकतंय. उद्या त्याला एक रजिस्टर आखून देतो.